कॅमेऱ्यातली पांढरी साडी

नंतर कमेंटमध्ये कुणी मला भोळी म्हणू नये, म्हणून आधीच सांगून ठेवते. मी फिजिक्सची पदवीधर आहे. आमच्या वाशीमला शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं, तेव्हा त्यांना थर्मामीटर लावायला निघालेली मुलगी म्हणजे मी. भूत, करणी, बाहेरची बाधा... यातल्या कशावरच माझा काडीचा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर अजूनही ठेवायची इच्छा नाही. शिवाय हे मी घाबरून लिहीत नाहीये, रागाने लिहितेय. वर्ष उलटलं तरी तो राग गेलेला नाही.

जागा नीट समजून घ्या, कारण सगळं त्या जागेवरच अवलंबून आहे. दिल्लीत करोल बाग मेट्रोपासून चालत जाता येईल अशा गल्लीत आमचं मुलींचं पीजी आहे. चिंचोळी, उंच इमारत. तळमजल्यावर मालकीणबाई राहतात, त्यांना सगळ्या आंटी म्हणतात. वरच्या मजल्यांवर आम्ही मुली, बहुतेक सगळ्या यूपीएससीवाल्या. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, पॅसेजच्या पार टोकाला. रूममेट अश्विनी, परभणीची. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला जिना, आणि तो वर गच्चीत जातो. अंधार पडला की गच्चीच्या दाराला कुलूप लागतं आणि किल्ली आंटींकडे जाते, कारण आमच्या गच्चीला लागूनच शेजारच्या मुलांच्या पीजीची गच्ची आहे. जिन्याला खिडकी नाही. भर दुपारीसुद्धा बटण दाबल्याशिवाय पायरी दिसत नाही.

त्या हिवाळ्यात आंटींनी कॅमेरे बसवले. "लड़कियों की सेफ्टी के लिए," असं त्या प्रत्येकीच्या घरी फोन करून सांगत होत्या. आता चोर येणार रस्त्यावरून, आणि तिसऱ्या मजल्यावर जिन्याशी लावलेला कॅमेरा कुठे बघतो? तर आमच्या दारांकडे. रात्री अंघोळीला निघालं तरी तो बघणार. मी भांडले, पण बाकीच्या गप्प बसल्या. कॅमेरा इन्फ्रारेडचा होता. म्हणजे भिंगाभोवती बारीक दिव्यांचं कडं असतं, ते आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतं आणि कॅमेऱ्याला त्या प्रकाशात काळोखातलं सगळं दिसतं. चित्र तेवढं काळंपांढरं येतं. अंधारात त्याच्याकडे पाहिलं की अगरबत्तीच्या टोकासारखे लालसर ठिपके दिसतात, बस.

संक्रांतीला आईने काळी साडी पाठवली होती. एरवी सणासुदीला काळं वर्ज्य, पण संक्रांतीला आपण मुद्दाम काळं नेसतो, हे दिल्लीत कुणाला सांगून पटत नाही. मी साडी नेसून खाली उतरले तर आंटींनी मला आपादमस्तक पाहिलं आणि त्योहाराच्या दिवशी काळं कोण घालतं म्हणून तोंड वाकडं केलं. मी हसून सोडून दिलं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझी मावशी राहते, काका मिनिस्ट्रीत आहेत. तिच्याकडे हळदीकुंकू होतं, मी मदतीला गेले. तिथे मसाला दुधाचा अख्खा ग्लास माझ्या निऱ्यांवर सांडला. मावशीने साडी सोडायला लावली, लगेच भिजत घातली, आणि मी तिच्या मुलीची जीन्स-स्वेटर घालून मेट्रोने परत आले. जाताना साडीत सगळ्यांनी पाहिलं, येताना जीन्समध्ये कुणीच नाही. साडी तिकडेच राहिली, मावशीच्या बाल्कनीत वाळत.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी आंटी मोबाईल घेऊन आल्या. रात्रीचं रेकॉर्डिंग होतं. रिकामा पॅसेज, सगळं राखाडी. मग माझ्या खोलीकडच्या टोकाकडून एक बाई येते. माझ्या खोलीचं दार तेवढं पॅसेजमधल्या कपाटाआड असल्यामुळे कॅमेऱ्यात येत नाही, त्यामुळे ती दारातून आली की आणखी कुठून, ते कळत नाही. अंगावर पांढरी शुभ्र साडी, पदर कमरेला खोचलेला. घाई नाही, बिचकणं नाही, घरातल्या बाईसारखी सरळ चालते. जिन्याशी थांबते, मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघते. चेहरा धुरकट आहे, ओळखू येत नाही. मग पायऱ्या चढून गच्चीकडे जाते. परत खाली आलेली दिसतच नाही. सकाळी गच्चीचं कुलूप जसंच्या तसं होतं.

पोरींनी किंचाळून घर डोक्यावर घेतलं. अश्विनी तर रडायलाच लागली. मला इथे राहायचं नाही, मी घरी जाते, परीक्षा गेली खड्ड्यात... आणि इथे मी शहाणपणा केला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणा ना.

मी म्हटलं, अगं, भूत कसलं? इन्फ्रारेडमध्ये रंग खोटे दिसतात. बऱ्याच कापडांचा काळा रंग आपल्याला दिसणारा प्रकाश गिळतो, पण हा प्रकाश परत पाठवतो, म्हणून ते कापड कॅमेऱ्यात पांढरं येतं. विश्वास बसेना, म्हणून जिन्यातला दिवा बंद केला, माझा काळा कुर्ता कठड्यावर टाकला आणि आंटींच्या मोबाईलवर लाइव्ह दाखवला. कुर्ता धुतल्या तांदळासारखा पांढरा! शेजारी ठेवलेली काळी छत्री मात्र काळीच राहिली. हे ज्या त्या रंगावर असतं, मी ऐटीत सांगितलं. म्हणजे त्या बाईची साडी पांढरीच असेल असं नाही, काळीसुद्धा असू शकते. अश्विनीचं रडणं थांबलं. मला वाटलं, जिंकले.

आंटी माझ्याकडे बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "काली साड़ी तो कल तूने पहनी थी।"

बघा हं, काय झालं ते. भूत होतं तोवर मी सुरक्षित होते. विज्ञान आलं आणि भुताच्या जागी मला उभं केलं! आणि ते विज्ञान आणलं कुणी, तर मीच. साडी मावशीकडे आहे, मी तिला आत्ता फोन लावते, असं सांगितलं. मावशीने फोनवर सगळं सांगितलंही. आंटींचं म्हणणं, तुझीच मावशी, ती काय वेगळं बोलणार. कॅमेऱ्यात मी जीन्समध्ये परतताना दिसते, तर साडी बॅगेतून आणली असणार. गच्चीला कुलूप होतं, मग मी गेले कशी? तर मी दुसरी किल्ली करून घेतली असणार. कशाला? पलीकडे मुलं राहतात ना. मी अश्विनीकडे पाहिलं. आम्ही दोघी एकाच वेळी झोपलो होतो, माझी कॉट भिंतीकडे, बाहेर पडायचं तर तिला ओलांडून जावं लागतं. ती म्हणाली, मी झोपले होते, मला काय माहीत. जिच्यासाठी मी एवढा खटाटोप केला, ती! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर संन्याशानेच सूळ तासून दिला होता.

आंटींनी क्लिप सरळ माझ्या वडिलांना व्हॉट्सॲप केली. बाबा शाळेत मुख्याध्यापक आहेत. संध्याकाळी त्यांचा फोन आला. काय झालं, खरं काय, बरी आहेस का, काही नाही. "सामान आवरून ठेव. मी येतोय." एवढंच बोलून ठेवून दिला.

घरी जाणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. माझ्यासाठी स्थळं बघणं आधीच सुरू होतं, प्रिलिम्सपर्यंत थांबा म्हणून मी कसंबसं अडवून धरलं होतं. एकदा दिल्ली सुटली की परत येणं नव्हतं. ज्या परीक्षेसाठी मी आमच्या घरातली पहिली मुलगी म्हणून इतक्या लांब आले, ती परीक्षा त्या राखाडी क्लिपमध्ये अडकली होती. त्या दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणाले, देवा, भूतच असू दे. फिजिक्सवाली मी!

बाबा आले. मी पाया पडले तर पाय मागे घेतले. खाली आंटींच्या बैठकीत त्यांनी चहा घेतला, क्लिप पुन्हा पाहिली. मावशीही धुतलेली साडी पिशवीत घालून आली होती. तिने सगळी हकीकत पुन्हा सांगितली, दुधाचा डाग कुठे पडला होता तेसुद्धा दाखवलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साडी नेस. दिवा घालवून त्याच वाटेने चाल. काय ते दिसेल."

मावशी चिडली. "भाऊजी, पोर सांगतेय ना तुमची?"

"कॅमेरा खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले.

मी खोलीत जाऊन साडी नेसले. भीती होतीच, खोटं कशाला सांगू! साडी कुर्त्यासारखी पांढरी आली असती तर विषय तिथेच संपला असता, आणि ती कशी येईल हे मलाही ठाऊक नव्हतं. पण भीतीपेक्षा अपमान मोठा होता. मला सायकल शिकवणारा, दहावीच्या निकालाला गावभर पेढे वाटणारा माझा बाप खाली बसून माझी मोबाईलवर वाट बघत होता. मी पदर कमरेला खोचला. भर दुपारी, त्या काळोख्या पॅसेजमधून चालत गेले, जिन्याशी थांबले आणि त्या लाल ठिपक्यांकडे थेट पाहिलं. जेवढा राग होता तेवढा सगळा डोळ्यांत आणून पाहिलं.

खालून आंटींचा आवाज आला, "काली ही आ रही है।"

मी खाली आले. मोबाईलवर माझी साडी काळीकुट्ट होती, त्या छत्रीसारखी. मावशीने मला जवळ घेतलं. पण मी तोवर दोन्ही क्लिप शेजारी शेजारी लावून बघत होते, आणि मला दुसरंच काही दिसत होतं. माझे डोळे त्यात मांजराच्या डोळ्यांसारखे चमकत होते. इन्फ्रारेडमध्ये कॅमेऱ्याकडे बघणाऱ्याचे डोळे असे चमकतात. मग मी जुनी रेकॉर्डिंग्ज काढली. आंटींचे डोळे चमकत होते, त्याच जागी उभ्या राहिलेल्या अश्विनीचेही. त्या बाईच्या चेहऱ्यावर मात्र डोळ्यांच्या जागी चमक नव्हती. ती माझ्याच जागी, माझ्याइतकंच सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती आणि तिथे नुसता अंधार होता. मी ते आंटींना दाखवलं. म्हटलं, मी नाही हे तर सिद्ध झालं. मग ही कोण? तुमच्या घरात, कुलूपबंद गच्चीत गेलेली आणि परत न आलेली ही बाई कोण आहे?

आंटींनी मोबाईल हातातून काढून घेतला. म्हणाल्या, "छोड़ बेटा, कोई परछाईं होगी।"

परछाई! मी असेन तोवर ती चालती-बोलती, बदचलन, किल्ली करून घेणारी मुलगी होती. मी नाही म्हटल्यावर ती लगेच सावली झाली. कुणाला तिचं काही पडलंच नव्हतं. शोध बाईचा नव्हताच, शोध होता आमच्यापैकी एखादी सापडते का याचा. माझं डोकं तेव्हा जे भणाणलं ते आज हे लिहितानाही भणाणतंय.

मी बाबांकडे पाहिलं. एक शब्द बोलतील असं वाटलं होतं. चुकलं म्हणायला नको, नुसतं 'मीनल' म्हणून हाक मारली असती तरी मी सगळं विसरले असते. ते चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, राहू दे हिला परीक्षेपर्यंत. मला हुंदकाच फुटला. तेवढ्यात ते आंटींकडे वळले आणि त्यांच्या त्या शाळेतल्या हिंदीत म्हणाले, "बहनजी, एक कैमरा इसके दरवाज़े के सामने भी लगा दीजिए।"

तो कॅमेरा लागला. मी अजून त्याच खोलीत आहे, प्रिलिम्स थोडक्यात हुकली, आणखी एका वर्षाची मुदत मागून पुन्हा देतेय. अश्विनीने खोली बदलली. बाबांशी मी फोनवर बोलते, जेवलीस का, जेवले, इतकंच.

ती क्लिप मी ओळखीच्या एका इंजिनिअरला दाखवली. तो म्हणाला, भिंगावर कोळ्याचं जाळं असेल, धुकं असेल, कॅमेरा ॲडजस्ट होत असेल. जाळं पदर खोचतं का, विचारलं तर त्याने विषय बदलला. ती कोण होती, कुठून आली, कुठे गेली, मला माहीत नाही आणि मी कुठलीही थिअरी मांडणार नाही. इथे कुणाला माहीत असेल तर सांगा, फक्त सावली म्हणू नका.

माझ्या दारासमोरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आंटी दर आठवड्याला बाबांना पाठवतात. त्यात ती बाई एकदाही आलेली नाही. त्यात फक्त मी दिसते.