सुनेच्या वाफ्यांची खुरपणी

माझ्या सुनेनं महिनाभर राबून लावलेली बाग मी दोन तासांत मुळासकट साफ केली. रागानं नाही, वैरानं नाही. मदत म्हणून.

आमची सून स्नेहल मुंबईकडची, समुद्राकाठच्या उपनगरात वाढलेली. पाटोद्यापासून थोडं आत आमचं गाव आहे, तिथल्या शाळेत ती विज्ञान शिकवते. तिच्या माहेरी म्हणे घरासमोर बाग, बागेसमोर शाळा, शाळेच्या मागं समुद्र, आणि प्रत्येक बागेला म्हाताऱ्या माणसांचा एक क्लब. ही माणसं सकाळी बागेत जमतात, चालतात, आणि चालून झालं की गोल उभं राहून मोठमोठ्यानं हसतात.

"कावून हसतात?" मी विचारलं.

"तब्येतीसाठी, आई."

आमच्याकडं कोणी असं बिनकारणाचं हसायला लागलं तर घरचे त्याला जीपमध्ये घालून बीडच्या दवाखान्यात नेतील. पण पोरगी हट्टाची. शाळेच्या मागं पडीक जागा होती, बाभळी आणि बाटल्यांनी भरलेली. ती तिनं पोरांना घेऊन साफ केली, कडुनिंब लावले, चार बाकडी मिळवली आणि आम्हा बायकांचं 'बाग मंडळ' काढलं. पहिल्याच दिवशी सांगितलं, बागेला पाच चकरा मारायच्या. माझी धाकटी जाऊ कमल म्हणाली, "जलमभर लोकांच्या रानात रोजानं चकरा मारल्या, आता फुकट मारायच्या व्हय?" तरी आम्ही सहा जणी जायला लागलो. (चकरा दोन व्हायच्या. बाकडी मात्र चारही भरायची.)

पुढं त्या बागेवर संकट आलं. गावातल्या काही मेंबर लोकांना त्याच जागेवर ट्रॅक्टर उभे करायला पत्र्याचं शेड पाहिजे होतं. भांडण तालुक्याला गेलं. तालुक्याचे साहेब म्हणाले, मी सोमवारी अकरा वाजता येतो, डोळ्यांनी बघतो आणि जाग्यावर ठरवतो, बाग ठेवायची का शेड टाकायचं. स्नेहलची झोपच उडाली. आमच्या घरात येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात तिनं 'माझं' म्हणून काही मागितलं असेल तर ती बाग.

मी त्या वेळी गावात नव्हते. दिंद्रुडला माझ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिच्याजवळ महिनाभर राहिले. रविवारी दिवस मावळताना घरी आले तर स्नेहल दारातच उभी.

"आई, बागेच्या कोपऱ्यात जाळीच्या आत तुमच्यासाठी एक गंमत केलीय. आता सांगणार नाही. उद्या साहेबांच्या समोरच बघा."

मी बरं म्हटलं, भाकरी खाल्ली आणि झोपले. तेवढ्या वेळात दोन प्रश्न विचारले असते तर आज हे सांगायची पाळी आली नसती.

सोमवारी उजाडताच स्नेहल स्कुटीवर पाटोद्याला गेली. काही पाट्या रंगवायला टाकल्या होत्या, त्या आणायच्या होत्या. मी कमलला हाक मारली आणि आम्ही सहाही जणी बागेत गेलो. मी दिंद्रुडला गेल्यापासून यातली एकही बाई बागेकडं फिरकली नव्हती. "तू न्हाईस तर कशाला जायाचं?" म्हणाल्या. माझ्यावाचून मंडळ चालत नाही हे ऐकून मला जरा बरंच वाटलं. पण महिनाभरात बाग नुसती शाळेच्या पोरांच्या हाती होती, म्हणजे आत काय लावलंय हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं.

कोपऱ्यातली हिरवी जाळी बाजूला केली आणि माझे डोळे पांढरे झाले. आत चार वाफे, आणि चारही वाफ्यांत तण. पहिल्यात तरोटा, दुसऱ्यात घोळ, तिसऱ्यात कुरडू, चौथ्यात पाथरी. गच्च भरलेलं. फुलझाड औषधालासुद्धा नाही.

"अगं बया, पोरीची बाग तणानं खाल्ली की," कमल म्हणाली.

"आन अकराला साहेब," दुसरी म्हणाली.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती, खोटं कशाला बोलू. ते तण सरळ ओळीत उगवलेलं होतं. मी कमलला दाखवलंही. ती म्हणाली, "मास्तरणीच्या हद्दीतलं तण हाय आक्का, शिस्तीतच उगवणार." मला ते पटलं. माणसाची बुद्धी फिरायची असली की काहीही पटतं.

आमच्यासारख्या बायकांच्या हातात पुस्तक द्या, लगेच जांभई येईल. खुरपं द्या, कंबर आपोआप वाकते. दोघी जणी पळत घरी जाऊन खुरपी घेऊन आल्या. प्रत्येकीनं एकेक पात धरली. काय खुरपलं म्हणता! कमलच्या पातीत एक मूळ राहिलं तर मी तिला माघारी बोलावून ते काढायला लावलं. "सुनेचं काम हाय, रोजाचं न्हाई," असं वर ऐकवलं.

तेवढ्यात रस्त्यानं नामदेव धनगर मेंढरं घेऊन चालला होता. ढीग बघून थांबला.

"बाई, लई कवळा पाला हाय. टाकून कावून देता?"

"ने बाबा. तेवढीच घाण जाईल."

मेंढरांनी दहा मिनिटांत जमीन चाटूनपुसून साफ केली. मग आम्ही वाफ्यांवर पाणी शिंपडलं आणि समोर रांगोळीनं 'सुस्वागतम' काढलं. मी कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिले. सून आली की गळ्यातच पडेल अशी मनाची तयारी करून ठेवली.

नऊ वाजता सून आली. काखेत पाट्या होत्या. जाळीपाशी आली आणि तिथंच थांबली.

"आई, इथली झाडं कुठं गेली?"

"कुठली झाडं? नुसतं तण माजलं होतं पोरी. समदं काढलं. एक मूळ ठेवलं न्हाई."

तिनं काखेतल्या पाट्या एकेक करून खाली ठेवल्या. पहिल्या पाटीवर लिहिलं होतं, 'तरोटा'. दुसरीवर 'घोळ'. तिसरीवर 'कुरडू'. चौथीवर 'पाथरी'. पाचवी पाटी मोठी होती, हिरव्या रंगाची. ती कमलनं मोठ्यानं वाचली. 'आमच्या आजीची रानभाज्यांची बाग.'

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी तर ताजी खुरपलेली सरकली. माझ्या सहाही मैत्रिणी (मला धरून सहा, पण त्या वेळी मी स्वतःची मैत्रीण नव्हते) खुरपी पदराखाली लपवायला लागल्या.

"तुम्हीच सांगत होता ना आई," स्नेहल अगदी हळू बोलली. "दुष्काळात तुमच्या आईनं काय काय रांधून घातलं ते. मी सगळं वहीत लिहून घेतलं होतं. पोरांनी रानोमाळ फिरून एकेक रोप आणलं."

"अगं पण ते आमी खात होतो," मी म्हणाले, "वाढवत थोडीच होतो."

हे बोलायला नको होतं. ती खाली बसली आणि ओंजळीत माती घेऊन मूळ शोधायला लागली. एकही नव्हतं. कामात मी कधी चुकारपणा केलेला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, केला असता तर बरं झालं असतं.

अकराला दोन तास होते. मी म्हटलं, गेलं ते परत आणू. आधी नामदेवला गाठला. त्याची मेंढरं बांधाच्या सावलीला डोळे मिटून रवंथ करत होती.

"नामदेव, तो पाला माघारी पाहिजे."

त्यानं मेंढरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "देतो की बाई. पर सकाळपर्यंत थांबावं लागंल, आन पाला म्हणून वळखू यायचा न्हाई."

मग रानात शिरलो. सहा जणी, सहा दिशा. तुम्हाला खरं वाटणार नाही, अख्ख्या शिवारात तरोट्याचं एक रोप सापडेना. सोयाबीन बघावं तर त्यात तणनाशक मारलेलं, बांध बघावा तर तोही फवारून जाळलेला. ज्या तणाला जन्मभर शिव्या घातल्या ते गरजेच्या दिवशी गाव सोडून गेलं होतं. कमलला एका विहिरीच्या कडेला घोळाच्या दोन काड्या मिळाल्या. त्या तिनं मुठीत इतक्या घट्ट धरल्या की बागेत येईपर्यंत त्यांची चटणी झाली.

अकराला साहेब आले. मागं शेडवाले तीन मेंबर. काळ्याभोर मातीसमोर पाच पाट्या उभ्या, आणि त्यांच्या पुढं आमचं सुस्वागतम. साहेबांनी पाट्या वाचल्या, माती बघितली, परत पाट्या वाचल्या.

"मॅडम, बाग कुठं आहे?"

स्नेहलनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "सर, बी पेरलंय. अजून उगवायचंय. माझ्याकडूनच उशीर झाला."

एक मेंबर हसला. "माती बघायला साहेबांना बोलावलं व्हय? शेड टाकलं असतं तर निदान सावलीत उभं ऱ्हायलो असतो." साहेबांनी फाइल उघडली, खिशातून पेन काढला. पोरीनं माझी घाण स्वतःच्या अंगावर घेतली होती आणि आता तिची बाग जाणार होती. मी पुढं झाले.

"साहेब, पोरगी खोटं बोलतीय. बाग हुती. म्या खुरपली."

"तुम्ही कोण?"

"हिची सासू. पाटीवरची आजी."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या नावाची बाग तुम्हीच उपटली?"

"व्हय."

"का? झाडं ओळखू आली नाहीत?"

"लई चांगली वळखू आली साहेब. म्हणून तर उपटली."

साहेब असे बघत राहिले की हसावं का रागवावं ते त्यांना कळत नव्हतं. मग म्हणाले, हा तरोटा खरंच खातात का? मी सांगायला लागले. कोवळी पानं खुडायची, शिजवून पाणी पिळून टाकायचं, मग लसूण. कमल मधेच म्हणाली, तरोट्यात डाळ पाहिजेच. दुसरी म्हणाली, दुष्काळात तुला डाळ कोणी दिलती? कुरडूवरून तर दोघींचं जुंपलंच. पाऊण तास साहेबांना एक शब्द बोलायला जागा मिळाली नाही. शेवटी त्यांनी पेन खिशात ठेवला. "एक महिना देतो. महिन्यानं येईन. वाफ्यात काही उगवलेलं दिसलं तर बाग, नाही तर शेड."

तो महिना मी कसा काढला माझं मला माहीत. नामदेवनंच पाझर तलावाच्या काठची जागा दाखवली. तिथून टोपलीत घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून एकेक रोप आणलं. रोज सकाळ-संध्याकाळ कळशीनं पाणी घातलं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची.

"आजी, तणाला पाणी घालता?"

"व्हय."

"बरं वाटतंय ना?"

घरी आमचे मालकही दोनदा कपाळाला हात लावून ताप बघून गेले. स्नेहल मात्र एका शब्दानं रागावली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. ती रागावली असती तर मी दोन शब्द उलटे बोलून मोकळी झाले असते. तशी सोयच तिनं ठेवली नाही. मग मी ठरवलं की या बागेत आता खुरप्याला हात लावायचा नाही. तिला विचारल्याशिवाय पान तोडायचं नाही.

महिन्यानं साहेब आले. चारही वाफे हिरवेगार झाले होते. साहेब प्रत्येक पाटीजवळ थांबले, पान खुडून वास घेतला, आणि तिथंच उभ्या उभ्या फाइलवर लिहिलं, बाग राहील. पोरांनी टाळ्या वाजवल्या. स्नेहलनं सगळ्यांसमोर माझा हात धरला, आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

जाता जाता साहेब चौथ्या वाफ्यापाशी थबकले. तिथं मधोमध कमरेएवढं एक झाड पांढऱ्या फुलांनी डवरून उभं होतं. त्याच्या बुंध्याशी मी छान गोल आळंसुद्धा केलेलं होतं.

"आजी, हे गाजर गवत ना?"

"व्हय साहेब. उगवलं त्याच दिवशी वळखलं."

"मग उपटलं का नाही?"

मी स्नेहलकडं बघितलं, मग खाली बघितलं.

"मला वाटलं साहेब, ह्याची पाटी अजून रंगवायला गेली असंल."