मोहाखालची आग

देवरीच्या बाजारात वाळत्या मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला आणि मला चिचगडच्या जंगलातली एक जुनी सकाळ आठवली. मी तेव्हा मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. तिच्या गावाशेजारी बंदुका चालल्यापासून लहानगी सगुणा जंगलाकडे पाठ करूनच बसायची. "तिला तिकडे नेऊ नका," सगळ्यांनी बजावलं. तरी मी टोपल्या काढल्या आणि तिच्यासकट पोरींना घेऊन निघाले.

फुलं वेचायला जागा मोकळी व्हावी म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळतात. तिथे आलेल्या गावातल्या बायांनी तो पेटवला, तडतड आवाज झाला आणि सगुणा जमिनीवर पालथी पडली. मी शेजारी बसले.

"परत जायचं का, बाळा?"

तिनं धुराकडे पाहिलं. मग उठून हिरवी फांदी तोडली आणि पसरणारी आग झोडपू लागली.

"कायले जाऊ वापस? हा मोहा आमचा होय! तुमी काऊन पाहून राहिल्या, मॅडम? वेचा ना!"

मी वेचू लागले. तेव्हा वाटलं, पोरगी बरी झाली. इतकं सोपं नसतं. पुढेही ती फटाक्यांना दचकायची. पण दर उन्हाळ्यात टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे तीच चालायची. जंगल तिनं बंदुकवाल्यांना सोडलं नाही.