हळदीखालचे पणजोबा

सांगायला घेतलं की अजूनही डोकं फिरतं.

आमच्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी एक कागद असायचा. निजामाच्या काळातली सनद, असं सगळे म्हणायचे. ती उर्दूत होती म्हणून कुणी वाचली नव्हती, आणि कुणी वाचली नव्हती म्हणून तिच्याबद्दल कुणाला शंका नव्हती. दसऱ्याला विळे-कुऱ्हाडींबरोबर तिचीही पूजा व्हायची. थोरला म्हणून मान माझा, आणि मी काही हात आखडता घेणारा माणूस नाही. बोट बुडवून हळद, वर कुंकू, वर पाण्याचा शिपका. तेही बरोबर मधोमध. तिथं अक्षर मोठं होतं, देवाचं नाव असेल असा माझा अंदाज.

यंदा लेकीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला काढायचा होता. त्याला पणजोबांच्या जातीचा निजामकाळातला लेखी पुरावा हवा. गावातले लोक वंशावळी जुळवत तहसीलच्या पायऱ्या झिजवत होते, तेव्हा मी पारावर पाय पसरून म्हणत होतो, "आपल्याला काय बे, घरात सनद हाय."

कागद घेऊन केजला गेलो. उर्दू शाळेतल्या एक बाई असलं जुनं वाचून देत. त्यांनी कागद खिडकीकडे धरला.

"ही सनद नाही हो. बांधाच्या भांडणाचा निकाल आहे. दोन्ही शेजाऱ्यांची नावं, जाती, सगळं लिहिलेलं आहे."

"त्यात आमचे पणजोबा?"

"असतील. हळदीखाली."

"आणि जात?"

"ती कुंकवाखाली. पाण्यानं शाईपण फुटलीय. कुणी केलं हे?"

"घरातल्या बायका," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचं वाचलं. दुसऱ्या माणसाचं नाव अगदी स्वच्छ होतं. ते आमच्या शेजाऱ्याच्या पणज्याचं. त्याच बांधावरून आम्ही आजही एकमेकांशी बोलत नाही. आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागलेला. म्हणजे आम्ही पिढ्यान् पिढ्या आमच्याच पराभवाला अक्षता वाहत आलो होतो.

परतीच्या जीपमध्ये मी सगळ्यांवर चिडलो. शेतकऱ्याकडं निजामाचा कागद मागणाऱ्या कचेरीवर. आजोबांवर तर जास्तच. ते उर्दू शाळेत शिकलेले. हरल्याची लाज वाटली म्हणून त्यांनी सनद म्हणून सांगितलं असणार, आणि आम्ही मान डोलावली. मला एकदाही वाटलं नाही की कागद वाचायचाही असतो.

बातमी माझ्याआधी गावात पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी दारात उभा.

"दादा, झेरॉक्स देता का? आमच्या पोरीचं बी यंदाच हाय."

"न्हाई."

"कावून?"

"देवाचा कागद हाय."

"आमचा पणजा हाय त्यो," तो शांतपणे म्हणाला. "तुमी इतकी वर्सं पुजलात, लई उपकार हायेत. पर आमच्या बी घरात असाच कागद व्हता. बापानं जुनी रद्दी म्हनून नदीत सोडला."

म्हणजे त्याच निकालाची दुसरी प्रत, आणि तिच्यावर आमचं नाव हळदीविना असणार. मी त्याच्या मेलेल्या बापाला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

लेक आतून आली. कागद माझ्या हातातून काढून घेत तिनं शेजाऱ्याला म्हटलं, "चला काका, मी येते दुकानावर. बाबांच्या हातात नको."

"अगं, आपल्या घरातल्या बायकांनीच..." मी सुरू केलं.

"मी लांबूनच नमस्कार करायची," माझी आई आतून म्हणाली. "बोटं तुझी पिवळी असायची."

शेजाऱ्याच्या पोरीला दाखला मिळाला. माझ्या लेकीचा अर्ज पुराव्याअभावी परत आला. ती रडली नाही, भांडलीही नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. दसऱ्याला तिनं हळदीकुंकवाचा करंडा कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली कुठं ठेवलीय, ते आईला माहीत आहे. मला नाही.