वडिलांच्या व्यवसायाचा रकाना

आमच्या एमबीए कॉलेजात ब्लेझर तीनच होते. एक लहान, एक मध्यम, आणि एक असा की त्यात आमच्यातले दोघं एकदम मावले असते. दुसऱ्या वर्षी प्लेसमेंटच्या पुस्तिकेसाठी फोटो काढायचे होते, तेव्हा हे तीन ब्लेझर साठ जणांच्या अंगावरून फिरले. फोटोग्राफरकडं कपडे वाळत घालायचे चिमटे होते. बारीक पोराच्या अंगात मोठा ब्लेझर आला की तो पाठीमागून चार चिमटे लावायचा. पुढून बघितलं तर सगळे मॅनेजर, मागून बघितलं तर दोरीवरची धुणी. ती पुस्तिका माझ्याकडं अजून आहे, पण मी ती कुणाला दाखवत नाही.

कॉलेज कोल्हापूरच्या कडेला होतं, उसाची रानं मोडून प्लॉट पडलेत अशा जागी. वर्गात सगळ्या तऱ्हेची माणसं. इंजिनिअर होऊनही नोकरी न लागलेली पोरं निम्मी. काही मुलींना घरच्यांनी ‘लग्न ठरंपर्यंत शिक कायतरी’ म्हणून पाठवलेलं. कर्नाटकच्या सीमेकडच्या तेलाच्या व्यापाऱ्याचा एक मुलगा होता. घरी फोनवर कानडीत बोलायचा आणि वर्गातली आकडेमोड कॅल्क्युलेटरच्या आधी सांगून मोकळा व्हायचा. एकाचं लग्न झालेलं, त्याची मुलगी बालवाडीत होती. सोमवारी टाय सक्तीचा. गाडीवरून येताना तो तोंडावर उडायचा म्हणून पोरं टाय शर्टाच्या आत खोचून यायची आणि गेटवर बाहेर काढायची. बुधवारी फक्त इंग्रजी बोलायचं असा नियम, त्यामुळं बुधवारी कॉलेजात कमालीची शांतता असायची. बाकीचे दिवस कँटीनमध्ये ‘भावा, नाद खुळा प्रेझेंटेशन झालं की’ असा आरडाओरडा चाललेला असायचा.

माझं गाव गगनबावड्याच्या रस्त्यावर. घरी चार म्हशी. पहाटे वडील धारा काढायचे, मी शेण काढून, वैरण टाकून मग आवरायला लागायचे. एसटीत चढायच्या आधी ओढणीला वास येतोय का ते रोज हुंगून बघायचे. कॉलेजात मी कधी म्हशींचं नाव काढलं नाही. कुणी विचारलं तर ‘आमचं दुधाचं आहे’ म्हणायचे आणि विषय बदलायचे.

माझ्या शेजारी बसायची ती मुलगी इचलकरंजीहून यायची. तिचे वडील यंत्रमागावर कामाला होते, पाळीनं. ही गोष्ट तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितली, मी न विचारता. ती हुशार होती, आमच्या वर्गात फायनान्सला तिच्या जवळपासही कुणी नव्हतं. फक्त आवाज खणखणीत. बोलायला लागली की मागच्या बाकावरचे दचकून जागे व्हायचे. मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या मॅडम तिला दर तासाला सांगायच्या, आवाज खाली घे. ती म्हणायची, “मॅडम, आमच्या घरात असंच बोलावं लागतंय. मागांच्या आवाजानं बाबांचं कान गेल्यात. हळू बोललं की त्यांस्नी कायबी कळत न्हाय.” वर्ग हसायचा. मीही हसायचे.

पुस्तिकेसाठी प्रत्येकानं एक फॉर्म भरायचा होता. नाव, मार्क, छंद, आणि ‘वडिलांचा व्यवसाय’. खाली पालकांची सही. आम्ही चोवीस-पंचवीस वर्षांचे घोडे, तरी पालकांची सही. त्या लग्न झालेल्यानं त्याच आठवड्यात स्वतःच्या मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही केली होती, आणि इकडं स्वतःच्या फॉर्मवर बापाची सही आणायला गावाकडं गेला होता.

प्लेसमेंट समितीत विद्यार्थ्यांची प्रतिनिधी मी होते. सगळे फॉर्म माझ्याकडं जमा झाले आणि सगळी माहिती पुस्तिकेसाठी इंग्रजीत टाइप करायचं काम मला मिळालं. त्या एका रकान्यात वर्गानं काय करामत केली होती ते मला तेव्हा कळलं. दोन एकर ऊस असलेल्यानं लिहिलं होतं ‘ॲग्री बिझनेस’. ज्याच्या वडिलांची रिक्षा होती तो ‘ट्रान्सपोर्ट’. पानपट्टीवाल्याच्या मुलानं ‘रिटेल’. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, सगळ्यांना आपोआप सुचलं होतं. मी त्यांना हसायचं कारण नव्हतं. मी तो रकाना कोरा ठेवून वडिलांची सही घेतली होती. ते म्हशी धूत होते. हात धोतराला पुसले, गोठ्याच्या भिंतीवर कागद धरून सही केली, “झालं व्हय?” विचारलं आणि पुन्हा बादली उचलली. मग कॉलेजात येऊन मी त्या कोऱ्या जागेत ‘डेअरी फार्म’ लिहिलं.

साठ फॉर्ममध्ये खरं लिहिणारी माझ्या शेजारची ती एकटी. इंग्रजी फॉर्मवर स्वच्छ मराठीत ‘यंत्रमाग कामगार’. आणि खाली वडिलांची पूर्ण नावाची सही, एकेक अक्षर वेगळं, काना-मात्रा जागच्या जागी. त्या माणसानं फॉर्म वाचून सही केली होती हे बघताक्षणी समजत होतं.

मी ते बदललं. मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘टेक्सटाईल बिझनेस’ असं टाइप केलं आणि पुढच्या फॉर्मकडं वळले. आपण तिचं भलंच करतोय अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं कारण वेगळं होतं, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. तिच्या त्या दोन शब्दांमुळं आमच्या सगळ्यांच्या फार्मचं आणि ट्रान्सपोर्टचं हसं झालं असतं. पुस्तिकेत माझं पान तिच्या पानाला लागूनच होतं.

पुस्तिका छापून आली त्याच दिवशी सकाळी पुण्याची एक कंपनी मुलाखतींना आली. पानं चाळायला कुणालाच वेळ मिळाला नाही. मी मुलाखतीच्या खोलीत कोपऱ्यात बसले होते. पाण्याच्या बाटल्या देणं, नावं पुकारणं हे माझं काम. मांडीवर सगळ्यांच्या मूळ फॉर्मची फाईल होती, कारण काही तपासायला लागलं तर ती लगेच हाताशी हवी होती.

तिची मुलाखत झकास चालली होती. आवाजही तिनं बेताचा ठेवला होता. मुलाखत घेणारे कंपनीचे साहेब दोनदा तर मान डोलावून हसले. मग पुस्तिकेवर बोट ठेवून त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुमचा घरचा टेक्सटाईलचा धंदा आहे, मग वर्षभरात आमची नोकरी सोडून तू घरी परत जाणार नाहीस कशावरून?

ती म्हणाली, “सर, धंदा नाही आमचा. माझे वडील यंत्रमागावर कामगार आहेत.”

साहेबांनी पुस्तिका तिच्यासमोर फिरवली. ती वाचत राहिली. मला तिचा चेहरा बाजूनं दिसत होता. साहेबांनी माझ्याकडं बघून विचारलं, ही माहिती कोण भरतं?

फाईल माझ्या मांडीवर होती. तिचा फॉर्म वरून पाचवा की सहावा असेल. हात घातला असता तर निघाला असता.

मी म्हणाले, “स्टुडंट्स स्वतःच भरतात, सर.”

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. तिला कळलं. तिला तेवढ्यात सगळं कळलं. तरी ती साहेबांना एवढंच म्हणाली, “सॉरी सर.” मी पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी यादी लागली. तिचं नाव नव्हतं. आमच्या प्लेसमेंटच्या सरांना त्या साहेबांनी जाताना सांगितलं होतं की मुलगी हुशार आहे, पण स्वतःबद्दल खोटं लिहिते. सरांनी ते आख्ख्या वर्गाला ऐकवलं, तिचं नाव न घेता. पण घ्यायची गरजच नव्हती. मी पहिल्या बाकावर बसून वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी लायब्ररीत माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं आता ही भांडणार, आणि खरं सांगायचं तर भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती तिच्या मानानं अगदी हळू आवाजात म्हणाली, “नोकरीचं जाऊ दे. दुसरी मिळंल. पण माझा फोटो बघायचा म्हणून बाबांनी पिशवीतनं ते पुस्तक काढलं. त्यांस्नी इंग्लिश अक्षरं येत्यात, कापडाच्या ताग्यांवरची लेबलं वाचून वाचून. त्यांनी ते वाचलं.”

मी समोरची वही मिटली.

“मला म्हणाले, ‘माझ्या कामाची लाज वाटली व्हय गं तुला?’ मी न्हाय म्हणून सांगितलं. मी न्हाय लिवलं म्हणून सांगितलं. पटत न्हाय त्यांना. सही घेतल्यावर मागनं तूच बदललंस म्हणत्यात. जेवताना माझ्याकडं बघत न्हाईत.” मग ती म्हणाली, “तू आमच्या घरी ये. दोन शब्द सांग त्यांना. मी सांगून कायबी उपयोग न्हाय, तूच सांगाय पायजे.”

मी म्हणाले, “येते. त्यांना सुट्टी असेल त्या दिवशी येते.”

“नक्की?”

“नक्की.”

मी गेले नाही. एका आठवड्यात म्हैस व्यायली, पुढच्या आठवड्यात प्रोजेक्टचं बाइंडिंग राहिलं होतं, त्याच्या पुढच्या आठवड्यात मावशी आली. कारणं खरी होती, ती मी कामाला लावली होती एवढंच. तिनं दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही. ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसायला लागली, आणि मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही मला माझी किळस येते.

शेवटी पदवी देण्याचा कार्यक्रम झाला. आमच्यातले निम्मे कुठं ना कुठं चिकटले होते. मला एका बँकेत नोकरी मिळाली होती. तिला इचलकरंजीतच कुठल्याशा ऑफिसात काम लागलं होतं. पुण्याच्या त्या कंपनीइतकं काही ते नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर व्हरांड्यात गर्दी होती. फोटो काढणं चाललं होतं, आणि तेच तीन ब्लेझर अंगावरून फिरत होते. सर होते, मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या मॅडम होत्या, माझे वडीलही होते, इस्त्रीच्या धोतरात, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन.

ती तिच्या वडिलांना घेऊन आली. बारीक माणूस, पांढरा शर्ट, केसाला तेल. तिनं फक्त माझं नाव सांगितलं आणि बाजूला उभी राहिली.

ते मोठ्यानं बोलले. त्यांना हळू बोलताच येत नसावं. सगळा व्हरांडा ऐकत होता. “व्हय व्हय, तुम्हीच ती पुस्तकाचं काम केलेली पोरगी! लई चांगलं पुस्तक केलंसा की!” मग जवळ येऊन, पण तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, “आमच्या पोरीनं त्यात माझा धंदा हाय म्हणून लिवलं. मला वंगाळ वाटलं आधी. मग म्हटलं, तिचं तरी काय चुकलं? तुम्हा शिकल्या-सवरल्या पोरींत बसायचं म्हटल्यावर असल्या कामाची लाज वाटणारच की. मी मनातनं काढून टाकलंय. तुम्हीबी तिला कायबी बोलू नगासा.”

ती माझ्याकडं बघत होती. न केलेल्या गुन्ह्याची तिला माफी मिळाली होती, आणि ती माफी ते मला ऐकवत होते. सर बघत होते. माझे वडील पेढ्यांचा बॉक्स उघडत होते.

मी म्हणाले. शपथेवर सांगते, मी म्हणाले, “काका, ते तिनं नाही लिहिलं. मी लिहिलं.” पण मुलाखतीसाठी शिकवलेल्या आवाजात म्हणाले. शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

त्यांनी कानाला हात लावला. “आं? काय म्हणालीसा?”

आता ओरडून सांगायला लागणार होतं.

“अभिनंदन, काका!” मी ओरडले. “पेढा घ्या!”

त्यांनी हसून पेढा घेतला. अर्धा मोडून तिच्या तोंडात घातला.