विमानाची दृष्ट

केडगावच्या पंपावर नातू गाडीत पेट्रोल भरत होता. त्या वासानं मी लढाईच्या काळातल्या आमच्या ज्वारीच्या रानात जाऊन पोचले.

मी परकरात होते. बिघडलेलं लढाऊ विमान रानात उतरलं होतं. गुरुजी म्हणाले, "वैमानिक अमेरिकेचा आहे. आपणहून इंग्रजांच्या विमानदलात आलाय."

"त्याच्या आईला ठावं हाय का?" आईनं विचारलं.

गुरुजींनी त्याला इंग्रजीत विचारलं. त्यानं नुसतीच नकारार्थी मान हलवली.

आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग दुसरा तुकडा विमानावरून. "ह्येच त्याला घरी न्हेनार हाय," ती म्हणाली.

तेव्हा मी डोळे फाडून विमानच बघत होते. आता दिसतो तो उंच गोरा माणूस, आईचा हात पोचावा म्हणून टोपी काढून ढेकळांत गुडघे टेकलेला.