बारीसाहेबांचा बंद रोलर

बारीसाहेब रस्त्याची पाहणी करायला निघाले की मांडीवर कढीचा उघडा डबा घेत. गतिरोधकावर कढी नुसती हलली तर ठीक. सांडली तर गतिरोधक चुकीचा. २०१५ साली मी डहाणूला रस्ते खात्यात त्यांच्या हाताखाली रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तो डबा माझ्याकडे दिला. "धरा. सांडली तरी नोकरी नाय जायची, फक्त पॅन्ट जाईल."

नरपडच्या शाळेजवळ पॅन्ट गेली. गावकऱ्यांनी तिथे परस्पर दगडमातीचा आडवा उंचवटा घातला होता. चष्म्यावरची कढी पुसत साहेब खाली उतरले. "कोणी घातला हा बांध? रस्त्यात भात लावताय काय?"

मासळी विकायला निघालेली जमनाबाय टोपली न उतरवताच म्हणाली, "मी घातला. माझ्या नातीला मोटरसायकलवाल्यानं उडवलं, हात मोडला पोरीचा. तुम्ही बांधत नाय, मग आम्ही पण बांधायचा नाय काय?"

साहेब उंचवट्याभोवती एक फेरी मारून आले. उंचवटा काढणं भाग होतं, त्यावरून स्कूटर घसरून आणखी कोणाचा हात मोडला असता. नव्या गतिरोधकाची मंजुरी वरून यायची होती. आणि "वरून पावसाशिवाय काय वेळेवर येत नाय," असं साहेबच म्हणत.

त्यांनी उंचवटा काढला आणि आमच्या आवारात कायमचा बंद पडलेला रोड रोलर ओढत आणून शाळेसमोर कडेला उभा केला. वर पाटी: 'काम चालू आहे, वाहने सावकाश हाका.' काम कसलंच चालू नव्हतं. पण झाई गावाकडून सुसाट येणारी पोरं रोलर दिसताच निमूट ब्रेक दाबत.

हळूहळू रोलर गावचाच झाला. बायका त्यावर बोंबील वाळत घालू लागल्या. एका कोंबडीनं सीटखाली अंडी घातली. एक नवरदेव तर वरातीतून उतरून त्याच्यापुढे नारळ फोडून गेला.

शेवटी मोठे साहेब पाहणीला आले. "बारी, इथं नेमकं काय काम चालू आहे?"

"गाड्या हळू करायचं, साहेब."

मोठे साहेब बराच वेळ बोंबलांकडे बघत राहिले. तेवढ्यात शाळा सुटली. मुलं रस्त्यावर आली आणि भरधाव येणारा टेम्पो रोलरपाशी येऊन मुकाट थांबला. मोठे साहेब जीपमध्ये बसले. मंजुरी त्याच आठवड्यात आली.

बारीसाहेब निवृत्त झाले, त्या निरोप समारंभात तलासरीकडच्या एका पाड्यावरचे गुरुजी उभे राहिले. "आमच्या शाळेसमोर पण गाड्या लय जोरात जातात. आम्हाला पण एक बंद रोलर द्या."

सगळे हसले. साहेब नाही हसले. "रोलर भंगारात गेला हो, गुरुजी. पण उद्यापासून मी पण बंदच हाय. मीच येतो." यावर मात्र गुरुजीही हसले.

पुढच्याच महिन्यात तलासरीला जाताना त्या गुरुजींच्या शाळेपाशी आमच्या ड्रायव्हरनं एकदम ब्रेक दाबला. डोक्याला टॉवेल गुंडाळून बारीसाहेब रस्त्याच्या मधोमध हात आडवे करून उभे होते. बाजूला त्यांची प्लास्टिकची खुर्ची.

मी खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, ओळखलंत का?"

"ओळखलं," हात तसेच ठेवून ते म्हणाले, "पण जरा थांबा. आधी पोरं जाऊ द्या."