कोरड्या मांजरेतली नाव

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात मी मांजरेचं कोरडं पात्र पायी ओलांडून कचेरीला जायचो. पात्रात एक म्हातारा नावाडी रोज सकाळी नावेत बसून आंघोळ करायचा. अंगावरून ओघळलेलं पाणी तो हातानं फळ्यांच्या सांध्यांत सारायचा. येणारे-जाणारे हसायचे. एकदा न राहवून मी विचारलं, "हे काय, मामा?"

"फळ्या वाळल्या की सांधे उघडतेत. मग नदी आली तरी नाव बुडती."

"आणि नदी आलीच नाही तर?"

त्यानं वल्हं पुसून आडवं ठेवलं, खाली उतरला आणि वाळूत रुतलेली नाव काठावरच्या खुंट्याला पुन्हा घट्ट बांधली.